नवा कॅमेरा हातात आलाय? मेगापिक्सेल आणि आयएसओचं एवढं आधी बघून घ्या

मावसभावाच्या साखरपुड्याला मी पहिल्यांदा स्वतःचा कॅमेरा घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री कुठंतरी वाचलं होतं की आयएसओ, म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा, जितका कमी तितका फोटो स्वच्छ. म्हणून १०० वर ठेवला तो पंगत उठेपर्यंत १०० वरच. हॉल ट्यूबलाइटचा, लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी, अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं लेन्समधलं भोक, एफ ४ (आकडा लहान तेवढं भोक मोठं), आणि शटर, म्हणजे प्रकाश अडवणारा पडदा, उघडं राहत होतं १/८ सेकंद. घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं तर लेन्समधल्या, हाताचा कंप सावरणाऱ्या स्टॅबिलायझरच्या कृपेनं भिंत, खुर्च्या, मागचं तोरण सगळं ठीकठाक. माणसं तेवढी पुसट. ओवाळणाऱ्या मावशीच्या हाताच्या जागी नुसता पिवळा फराटा. आयएसओ १६०० केला असता तर तेच फोटो १/१२५ ला आले असते. थोडे दाणेदार आले असते, पण मावशी ओळखू आली असती.

हीच चूक करणारी मंडळी मला दर लग्नसराईत भेटतात, म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारी चिप थोडी लहान असलेला) कॅमेरा आणि त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आहे असं धरून चालतो. पहिला कॅमेरा बहुतेकांचा असाच असतो. आकडे थोडे वेगळे असले तरी हिशोब बदलत नाही.

आधी मेनूत शिरा

कॅमेरा चालू करून मेनूत 'इमेज साइझ' शोधा. तिथं एल, एम, एस अशी अक्षरं दिसतील. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. गुणाकार करा: २ कोटी ४० लाख. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, झाले २४. एस म्हणजे साधारण ३००० बाय २०००, म्हणजे ६ मेगापिक्सेल. रुंदी निम्मी झाली की पिक्सेल पाव होतात, हे लक्षात ठेवा, कारण दुकानात याच्या उलट बाजूनं फसगत होते. १२ चा २४ मेगापिक्सेल झाला म्हणजे फोटोतला बारकावा दुप्पट झाला असं वाटतं. प्रत्यक्षात फोटोची रुंदी फक्त १.४ पट वाढलेली असते. बारकावा दुप्पट हवा असेल तर पिक्सेल चौपट लागतात, १२ चे ४८.

कार्ड भरेल या धास्तीनं साइझ एसवर ठेवू नका. मी ठेवला होता. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चाळीस जणांचा ग्रुप फोटो काढला, आणि नंतर आत्यानं सांगितलं की त्यातले फक्त आजी-आजोबा कापून मोठी फ्रेम करून दे. कापल्यावर हातात उरले १३५० बाय ९०० पिक्सेल. १२ बाय ८ इंचाला ताणले तर इंचाला जेमतेम ११२ पिक्सेल. आजीच्या नथीतले मोती एकमेकांत मिसळले ते मिसळलेच. एलवर काढला असता तर त्याच तुकड्यात चौपट पिक्सेल मिळाले असते. कार्डाचं म्हणाल तर ६४ जीबीच्या कार्डावर २४ मेगापिक्सेलचे चांगल्या दर्जाचे ५ हजारांच्या आसपास फोटो बसतात. एवढे फोटो एका दिवसात काढणारा माणूस नवखा नसतो.

साइझच्या शेजारीच 'क्वालिटी' असते: फाइन, नॉर्मल, बेसिक. काही कॅमेऱ्यांत अक्षरांऐवजी गोलसर आणि पायऱ्यापायऱ्यांचं अशी दोन चित्रं असतात. गोलसर ते चांगलं. साइझ आणि क्वालिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साइझ म्हणजे पिक्सेल किती, आणि क्वालिटी म्हणजे ते जेपीईजी फाइलमध्ये किती दाबून भरायचे. बेसिकवर २४ मेगापिक्सेल राहतात, पण निळ्या आकाशात पट्टे उमटतात आणि केसांच्या कडेला चौकोनी कचरा दिसतो. फाइन ठेवा आणि विसरून जा.

रॉ फाइलचं, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलचं काय? जमलं तर 'रॉ + जेपीईजी' ठेवा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. काळोखातला फोटो नंतर उजळायचा असेल तेव्हा हा फरक कळतो. आज रॉ उघडायला सवड नसेल तर फाइल पडून राहू द्या; वर्षभरानं हात बसला की त्याच फोटोंवर पुन्हा काम करता येतं. मी माझ्या पहिल्या वर्षाच्या रॉ ठेवल्या नाहीत.

शेवटची सेटिंग 'हाय आयएसओ नॉइज रिडक्शन'. ती 'लो' किंवा 'नॉर्मल'वर ठेवा. 'हाय'वर ठेवली की कॅमेरा दाणे पुसता पुसता भुवया आणि सुरकुत्याही पुसतो आणि माणसं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसायला लागतात. याचा परिणाम जेपीईजीवर होतो, रॉवर नाही.

मेगापिक्सेल लागतात किती?

उत्तर फोटो कुठं बघणार यावर आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८० पिक्सेल असतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. फोर-के टीव्ही ८.३ मेगापिक्सेलचा. तुमचा २४ मेगापिक्सेलचा फोटो लॅपटॉपवर पूर्ण दिसतो तेव्हा सुमारे बारा पिक्सेलांचा एक करून दाखवलेला असतो. फोनवर तर त्याहून लहान.

प्रिंटचा हिशोब सोपा. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८००, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर. ८ बाय १२ ला ८.६ मेगापिक्सेल. १२ बाय १८ च्या फ्रेमला १९.४. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा न कापलेला फोटो घरातल्या भिंतीवर लावण्याएवढ्या कुठल्याही प्रिंटला पुरतो. भिंतीवरचा फोटो चार फुटांवरून बघतात, तिथं इंचाला १५०-२०० पिक्सेल असले तरी कुणाला कळत नाही.

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. ६ फूट रुंद म्हणजे ७२ इंच. तुमच्या ६००० पिक्सेलांचे होतात इंचाला ८३. रस्त्यापलीकडून बघायला भरपूर. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत १६०० पिक्सेल रुंदीचा होऊन फ्लेक्सवाल्याकडे पोचला तर इंचाला २२. मग भाऊंच्या मिशीच्या पायऱ्या होतात आणि सगळे म्हणतात, फोटो फाटला. बिचाऱ्या कॅमेऱ्याचा यात काही दोष नसतो. फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते.

लॅबवाला कधी म्हणतो, '३०० डीपीआयची फाइल द्या, ही ७२ ची आहे.' घाबरू नका. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा, आणि तो फाइलवर चिकटवलेली नुसती चिठ्ठी असते. ६००० बाय ४००० पिक्सेलांची फाइल चिठ्ठीवर ७२ असो की ३००, छपाईला तेवढेच पिक्सेल देते. विचारायचं एवढंच: पिक्सेल किती बाय किती?

जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग कापण्यात आहे. लांबचा पक्षी, स्टेजवरचा एकच चेहरा, चुकून आलेला पंखा बाहेर काढणं. बाकी वेळी तो आकडा खोक्यावर शोभतो. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो १०० बाय १०० पिक्सेलचा होता, ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. तिथून इथवर आलो, आता २४ की ३२ यावर रात्री जागवायची गरज नाही.

दाणे येतात कुठून

जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारलंत तर ते आयएसओ म्हणणारच नाहीत, 'एएसए' म्हणतील. फिल्मच्या डबीवर १००, २००, ४०० असं छापलेलं असायचं आणि रोल एकदा भरला की छत्तीस फोटो त्याच आकड्यावर. अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन ही दोन मोजमापं १९७४ मध्ये एकत्र करून आयएसओ झालं. डिजिटलमध्ये नाव तेच राहिलं, आतली गोष्ट मात्र बदलली. फिल्म खरोखरच कमी-जास्त संवेदनशील असायची. तुमचा सेन्सर तसा नाही. आयएसओ १०० असो वा ६४००, त्याच्यावर पडणारा प्रकाश शटर आणि अॅपर्चर ठरवतं. आयएसओ वाढवणं म्हणजे जेवढा प्रकाश मिळाला त्याचा आवाज मोठा करणं.

मग दाणे का? जूनमधला पहिला पाऊस आठवा. फरशी घातलेलं अंगण आहे आणि थेंब नुकते पडायला लागलेत. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात, एखादी अजून कोरडीच. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, पण अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. दहा मिनिटं पडू द्या, सगळ्या फरश्या सारख्या ओल्या होतात. प्रकाशही असाच थेंबाथेंबानं पडतो. पिक्सेलवर सरासरी १०० थेंब पडणार असतील तर दहाएक इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्के फरक. १०,००० पडणार असतील तर फरक शंभराचा, म्हणजे एक टक्का; डोळ्याला तो दिसत नाही. फोटोतले दाणे, ज्याला नॉइज म्हणतात, ते बहुतेक हेच. ते आयएसओनं तयार केलेले नसतात, अपुऱ्या प्रकाशानं केलेले असतात. आयएसओनं फक्त मोठे करून दाखवले.

रंगीत ठिपके दिसतात त्यामागं आणखी एक कारण आहे. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग बघतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून ठरवले जातात. ही जाळी कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. प्रकाश कमी असला की शेजाऱ्यांचाही अंदाज चुकतो आणि काळ्या कोटावर जांभळे-हिरवे डाग उमटतात.

आता याच अंगणात लहान फरश्या बसवा. एकेका फरशीवर थेंब कमी पडतील, ठिपके जास्त जाणवतील. पण अंगणावर पडलेलं एकूण पाणी तेवढंच! जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा अंधारात वाईट, असं सरसकट बोललं जातं ते म्हणूनच अर्धवट खरं आहे. पडद्यावर शंभर टक्के झूम केलं तर दाणे जास्त दिसतील. दोन्ही फोटो एकाच मापाला छापले तर चार पिक्सेलांचा एक होताना दाणे जवळपास निम्मे होतात. खरा फरक अंगणाच्या आकाराचा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, तुमचा क्रॉप सेन्सर २३.५ बाय १५.६ च्या आसपास. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. फोनचा सेन्सर याहूनही कितीतरी लहान. फोनवरचे ५० मेगापिक्सेल नेहमीच्या मोडमध्ये चार-चार एकत्र करून १२.५ चा फोटो देतात, २०० वाले सोळा-सोळा एकत्र करून तेवढाच देतात, ते यासाठीच. संध्याकाळनंतर फोनचा '५० मेगापिक्सेल' मोड लावण्यात काही अर्थ नाही.

एक संध्याकाळ कॅमेऱ्याला द्या

दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा 'चालणारा' आयएसओ ऐकून उपयोग नाही. आपला आपण शोधायचा. अर्धा तास लागतो.

१. रात्री देवघरासमोर किंवा टेबलावर समई, तांदळाची वाटी आणि एखादं गडद कापड मांडा. दिवा एकच, मंद.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर पाटावर रचलेल्या पुस्तकांवर ठेवा. मोड ए किंवा एव्ही (यात अॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), अॅपर्चर एफ ५.६, सेल्फ टायमर २ सेकंदांचा, ऑटो आयएसओ बंद. फोकस एकदा समईवर लावून मॅन्युअल करा.

३. आयएसओ १०० वर एक फोटो, मग २००, ४००, ८००, असं दुप्पट करत २५,६०० पर्यंत. शटर आपोआप अर्धं होत जाईल: १०० ला १ सेकंद असेल तर ८०० ला १/८, ६४०० ला १/६०.

४. लॅपटॉपवर आधी पूर्ण फोटो बघा, मगच झूम करा. उजळ समई बघू नका, तिच्यामागचं गडद कापड बघा. दाणे सावलीत राहतात.

५. दोन आकडे कागदावर लिहा: जिथं दाणे पहिल्यांदा जाणवले तो, आणि जिथं तांदळाचे दाणे एकमेकांत मिसळायला लागले तो.

माझ्या जुन्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यात पहिला आकडा १६०० होता आणि दुसरा १२,८००. मधला ६४०० ही माझी मर्यादा ठरली. लग्नात ती आनंदानं वापरतो. यादीच्या शेवटी 'एच१', 'हाय' असलं काही दिसलं तर ती मूळ क्षमता नाही, गणितानं फुगवलेला आकडा आहे. तिकडे जाऊ नका. खालच्या टोकाला 'एल' किंवा ५० असलं तर तेही सोडा; त्यात उजळ भाग लवकर पांढरे पडतात.

शटर आधी, आयएसओ शेवटी

फोटो काढताना पहिला प्रश्न एकच: समोरचं हलतंय का? बसून गप्पा मारणाऱ्या माणसाला १/१२५ लागतं, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या पोराला १/५००, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या पुढं. आपला हात हलतो त्याचा हिशोब वेगळा: लेन्सचा आकडा दीडपट करून त्याच्या डोक्यावर १ लिहा. ५५ मिलिमीटरला १/८०, ३०० ला १/४५०. स्टॅबिलायझर हात सावरतो, समोरच्याला थांबवत नाही. मावशीचा फराटा आठवा.

शटर ठरलं की अॅपर्चर हवं तेवढं उघडा. त्यानंतर जो आयएसओ लागेल तो लागू द्या. कॅमेऱ्यालाच ठरवू दिलं तर उत्तम: मोड एम, शटर आणि अॅपर्चर तुमचं, आयएसओ ऑटो, आणि ऑटो आयएसओच्या मेनूत कमाल मर्यादा म्हणून तुम्ही कागदावर लिहिलेल्या दोन आकड्यांच्या मधला आकडा. नवख्यानं एम मोड वापरू नये असं म्हणतात. ऑटो आयएसओबरोबर तो सगळ्यात सोपा मोड आहे असं माझं मत आहे. ए मोड आवडत असेल तर त्याच मेनूत 'किमान शटर स्पीड' १/१२५ करून ठेवा.

भीतीपोटी आयएसओ कमी ठेवून फोटो काळा काढायचा आणि नंतर मोबाइलवर ब्राइटनेस ओढायचा, हे सगळ्यात महाग पडतं. जेपीईजीत तर नक्कीच: सावलीत माहितीच उरलेली नसते, ओढल्यावर राखाडी चिखल वर येतो. ३२०० वर नीट उजळ काढलेला फोटो ४०० वर काढून आठपट उजळलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ दिसतो.

लेन्सबद्दल एक सांगतो, कारण पैसे कुठं घालायचे हे सगळे विचारतात. किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटर एफ १.८ ची स्वस्त लेन्स तिच्यापेक्षा साडेनऊपट प्रकाश आत घेते. जिथं किट लेन्सला ६४०० लागतो तिथं हिला ६५०-७०० पुरतो. नव्या बॉडीनं एवढी उडी मिळत नाही. जोखीम अशी की १.८ ला फोकसची पट्टी अगदी अरुंद असते. डोळ्यावर फोकस धरा, नाकावर गेला तर डोळे मऊ येतात.

प्रत्यक्षात

सप्टेंबरात कासला गेलात तर दिवसाउजेडीही १०० पुरत नाही, याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं. ढग दाट, वारा थांबत नाही, आणि तेरडा, सोनकी एकसारखी डुलत असतात. एफ ८ ला फूल पूर्ण फोकसमध्ये येतं, पण त्या उजेडात आयएसओ १०० ला शटर १/५० येतं आणि पाकळ्यांची खीर होते. ८०० करा, १/४०० मिळतं. ८०० ला आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात दाणे शोधावे लागतात. फुलांवर बसून फोटो काढू नका हे आयएसओपेक्षा महत्त्वाचं.

भिगवणला उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. होडी हलते, पक्षी उडतात, लेन्स ३०० मिलिमीटरची आणि एफ ६.३. सूर्य वर आल्यावर २५०-४०० मध्ये १/१६०० मिळतं, पण छान उजेड असतो तो सकाळी सात-साडेसातचा, आणि तेव्हा १६००-२००० सहज लागतो. द्या. इथंच मेगापिक्सेल कामाला येतात: थवा लांब असतो, फोटो कापावाच लागतो. मात्र कापलात की दाणेही त्याच प्रमाणात मोठे होतात. निम्म्या रुंदीला कापलेला १६०० चा फोटो न कापलेल्या ६४०० च्या फोटोइतका दाणेदार दिसतो. होडीवाल्याला दहा रुपये जास्त देऊन जवळ न्यायला सांगणंही बरोबर नाही, पक्षी उठतात. थांबा, ते स्वतः सरकत येतात. पक्षी फिकट असल्यामुळं मागं गडद पाणी आहे की उजळ आकाश यावर कॅमेरा गोंधळतो. आकाशासमोर पक्षी काळपट आला तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) अधिक ०.७ करा.

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथक म्हणजे काळोख, हॅलोजन आणि अखंड हालचाल. ५० एफ १.८, शटर १/२५०, आयएसओ ३२००. ढोलाचा टोल पडतानाचा हात थोडा पुसट आला तर येऊ द्या, चेहरा स्थिर हवा. फ्लॅश लावू नका. पहिल्या रांगेतला एक जण पांढराफटक होतो, मागचा गणपती अंधारात जातो आणि हवेतला गुलाल ठिपक्यांसारखा चमकतो. नाटकात किंवा कीर्तनात मागं काळा पडदा असतो. कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारात आहे आणि तो आयएसओ उगाच चढवत नेतो, नटाचा चेहरा पांढरा पडतो. तिथं कॉम्पेन्सेशन उणे १. आयएसओही निम्म्यावर येतो. (आयोजकांची परवानगी आधी, आणि शटरचा आवाज बंद.)

दिवाळीतला आकाशकंदील, दगडी दीपमाळ, रात्रीचा किल्ला: इथं काहीच हलत नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, टायमर, शटर कितीही सेकंद. 'कमी आयएसओ म्हणजे स्वच्छ फोटो' हे वाक्य खरं ठरतं ते अशा ठिकाणी, कारण प्रकाश जमवायला वेळ आहे.

घरी आल्यावर

शंभर टक्के झूम करून फोटो टाकून देऊ नका. आधी पूर्ण पडद्यावर बघा. बारा पिक्सेलांचा एक होताना बरेच दाणे विरतात. उरलेल्यांसाठी रॉ फाइल असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. त्यात नॉइज रिडक्शनचे दोन भाग असतात: रंगाचा आणि उजेडाचा. रंगाचा बिनधास्त ओढा, जांभळे-हिरवे डाग जातात आणि बारकावा फारसा बिघडत नाही. उजेडाचा थोडाच; थोडे दाणे राहिलेले बरे. शार्पनेस सगळ्यात शेवटी आणि हलक्या हातानं, नाहीतर पुसलेले दाणे टोकदार होऊन परत येतात. हललेल्या फोटोसाठी मात्र यातलं काहीच कामाचं नाही.

मोठी फ्रेम करायची असेल तर लॅबमध्ये मॅट कागद मागा, चकचकीत कागदावर दाणे जास्त उठून दिसतात. आणि १२ बाय १८ चे पैसे देण्याआधी एक करा: फोटो ५४०० बाय ३६०० पिक्सेलांचा करून घ्या, त्यातून चेहरा आणि थोडी सावली येईल असा १८०० बाय १२०० चा तुकडा कापा आणि त्याची साधी ४ बाय ६ ची प्रिंट काढा. मोठ्या फ्रेमचा तेवढा तुकडा हुबेहूब असाच दिसणार आहे. तो भिंतीला चिकटवून चार पावलं मागं जा आणि बघा. चेहरा ठीक वाटला तर मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या.